वाचक विचारतात : खाली दुकान, वर घर?

प्रश्न : लंडनमध्ये एक दुकान पाहिलं, खाली नुसती काच आणि वर मात्र जुनं घर, एक खिडकी चक्क विटांनी बुजवलेली. गाईड म्हणाला ग्रेड टू लिस्टेड (म्हणजे संरक्षित जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतली) आहे, खिडकी टॅक्स चुकवायला बंद केली. खरंय का? आणि लिस्टेड असून दुकान कसं काय चालतं?

उत्तर : आधी घर होतं का हे वर बघूनच कळतं, खालचा भाग दर पिढीत कोणीतरी बदललेलाच असतो. जॉर्जियन (साधारण १७१४ ते १८३० च्या काळातल्या) घरात पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या बहुतेक सगळ्यात उंच, कारण दिवाणखाना तिथे, मग वर जाल तशा बुटक्या होत जातात, माळ्यावर नोकरमाणसं. खिडकीची चौकट भिंतीच्या थोडी आत असेल तर त्यालाही कारण आहे, १७०९ च्या कायद्याने लंडनमध्ये आगीच्या भीतीपोटी लाकडी चौकटी चार इंच आत घ्यायला लावल्या.

घराला खिडक्या किती त्यावर टॅक्स खराच होता, १६९६ ते १८५१. पण दिसली बुजवलेली खिडकी की टॅक्स, हे मला काही पटत नाही. कितीतरी खिडक्या मुळातच बंद बांधल्यात, आत चिमणी किंवा आडवी भिंत येते आणि बाहेरून रांग तर सारखी दिसायला हवी! बुजवलेल्या भागातल्या विटा भिंतीसारख्याच असतील तर ती बहुधा पहिल्यापासूनच तशी.

दुकान करताना रस्त्याकडची भिंत काढून वरचा भार तुळईवर घ्यायचे. काचेवरचा कर १८४५ ला गेला, मोठ्या काचा स्वस्त झाल्या आणि छोटी छोटी तावदानं गेली. ती अजून बघायची असतील तर पूर्व लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये ५६ आर्टिलरी लेनला जा, १७५० च्या दशकात ह्युगेनॉट (फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट) रेशीम व्यापाऱ्यांसाठी केलेला शॉपफ्रंट, खांबांसकट, ग्रेड वन म्हणजे यादीतल्या सगळ्यात वरच्या दर्जाचा आहे, आता तिथे आर्ट गॅलरी चालते.

आणि लिस्टेड म्हणजे कुलूप घातलं असं नाही हो. इंग्लंडमधल्या लिस्टेड बिल्डिंगपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच आहेत, लोक त्यात राहतात, धंदा करतात. फक्त मूळ रूपाला धक्का लागेल असं काहीही करायचं तर आधी कौन्सिलची परवानगी, आणि लोक इथेच फसतात, कारण बाहेरचा दर्शनी भाग तेवढा लिस्टेड असं त्यांना वाटतं. आतला जिना, फायरप्लेस, छताचं प्लास्टरकाम सगळं त्यात येतं, विचारल्याशिवाय तोडलं तर दंडावर भागत नाही, तुरुंगवासही होऊ शकतो.