वाचकांचे प्रश्न : सेमिनारमध्ये बोलताना मध्येच का अडतं?

प्रश्न : मी कलिन्याला एम. ए. करते. शाळा मराठी माध्यमाची. सेमिनारला 10 मिनिटं मिळतात. इंग्रजी भाषण तोंडपाठ करूनही मध्येच अडते, वेळही पुरत नाही. काय करू?
– एक विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : अडचण इंग्रजीची कमी, पाठांतराची जास्त आहे. घोकलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला की पुढचं वाक्यच सापडत नाही. म्हणून पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ करा. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा मुद्दे पुरेत. मिनिटाला साधारण 120 शब्द धरा आणि मजकूर 8 मिनिटांचाच ठेवा, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास शब्द. मनात वाचून वेळ मोजू नका, तो कमीच भरतो. उभं राहून, मोठ्यानं, मोबाइलवर रेकॉर्ड करत बोला. लोकलमधली उजळणी मुद्दे आठवण्यापुरतीच.

स्लाइडवर देवनागरी असेल तर पीडीएफ प्रतही न्या. वर्गातल्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वेलांट्या, जोडाक्षरं विस्कटतात आणि तिथेच धीर सुटतो.

सेमिनार झाला की त्याच दिवशी वहीत लिहा : कुठे अडलात, कोणत्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही. पुढची तयारी त्याच पानावरून सुरू करा.