ट्रॅक्टरचं इंजिन बसेल हो, पण गिअरबॉक्सचं काय?

लष्करी लिलावातली महिंद्राची सीजे-3बी जीप घेतलीत, हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकला चीर आहे आणि मिस्त्री ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन टाकून द्यायला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी हे इथे इंदूरला करून पस्तावलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी चीर कुठे आहे ते बघा. बाहेरून, पाण्याच्या जॅकेटला असेल तर पिना टाकून शिवता येते. पण हरिकेनचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतो. त्या एक्झॉस्टच्या सीटपासून चीर सिलिंडरकडे गेली असेल, तर दुसरं इंजिन शोधा. हेड उतरवून प्रेशर टेस्ट करा, मगच ठरवा.

माझा मिस्त्री म्हणाला होता, "भिया, सब बैठ जाता है." बसलंही. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट खरादवर करून घेतली, दोन महिने मजेत गेले. मग सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना टॉप गिअर सुटला. दांडा हाताने दाबून धरत खाली आलो. शेजारी बसलेली बायको अवाक्षर बोलली नाही, ते जास्त लागलं. खोलल्यावर पायलट बुश, म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक इंजिनात धरणारा बुश, एकाच बाजूने खाल्लेला. दुसऱ्या मिस्त्रीने फ्लायव्हीलला डायल गेज लावला आणि इंजिन हाताने फिरवत बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) भोकात काटा किती हलतो ते तपासलं: 14 थाऊ! हद्द असते 5 थाऊची, म्हणजे इंचाच्या पाच हजारांशांची. डोळ्यांना काही दिसत नाही, पण इनपुट शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकडी ओढली जाते.

दुसरं दुखणं वेगाचं. एक्सल मूळचे असतील तर रेशो 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे 5.38 फेरे. 6.00-16 टायरवर टॉप गिअरमध्ये दर हजार आरपीएमला ताशी साधारण 25 किलोमीटर मिळतात. ट्रॅक्टरचा गव्हर्नर इंजिनाला दोन हजार आरपीएमच्या आसपास अडवून धरतो. म्हणजे झाले पन्नास. एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात काढणार नाही. गाडी फक्त शेतावर फिरवायची असेल तर प्रश्नच नाही.

माझं मत विचाराल तर दुसरं हरिकेनच आणा, महिनाभर भंगारात हिंडावं लागलं तरी. आणताना फ्लायव्हीलवरच्या रिंग गिअरचे दात खडूने खूण करून मोजा. विलिसच्या (या जीपच्या मूळ अमेरिकी कंपनीच्या) या घराण्यात 97, 124 आणि 129 असे तीन प्रकार सापडतात, आणि सेल्फ (स्टार्टर) त्याला जुळणाराच लागतो.

कागदांचं थोडक्यात. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ओव्हरहॉलला इंजिनं बदलली जात, त्यामुळे इंजिन नंबर कागदाशी न जुळणं नवलाचं नाही. पण लिलावाचा कागद, आरसी आणि ब्लॉक हे तिन्ही आधी शेजारी ठेवून वाचा. पुढेमागे विंटेज नोंदणी करायची असेल, तर 2021 च्या नियमांनुसार गाडी 50 वर्षांवरची आणि मूळ रूपातली हवी. डिझेल टाकलंत की ती वाट बंद.

इंजिन बसवताना दोन गोष्टी हमखास राहतात. एक म्हणजे इंजिनाला मागे धरणारी स्टे केबल. ती नसेल तर क्लच दाबला की इंजिन रबरी माउंटिंगवर पुढे सरकतं आणि पंखा रेडिएटर गाठतो. दुसरी अर्थिंगची, म्हणजे इंजिन आणि चासी विजेने जोडणारी विणलेली पट्टी. सेल्फ रेंगाळला म्हणून मी नवी बॅटरी घेऊन आलो होतो, आणि ती पट्टी मात्र बोल्टांच्या डब्यात पडलेली होती.