वर्गात डेटा सायन्स: पायथन आधी की डेटा आधी?

प्रश्न: मी नववी-दहावीला गणित शिकवते. यंदा शाळेत डेटा सायन्सचा तास सुरू झालाय आणि तो माझ्याकडे आलाय, पायथन मलाच जेमतेम येतं. व्हेरिएबल, लिस्ट, लूप (तेच काम परत परत करून घेणारा कोड) असं चाललंय, डेटा अजून आलाच नाही आणि निम्मा वर्ग कंटाळलाय. प्रोग्रामिंग पक्कं व्हायच्या आधी डेटाकडे जावं का?

उत्तर: मॅडम, जा की, पुढच्याच तासाला जा. लूप पक्का व्हायची वाट बघत बसलात तर वर्ष संपेल आणि डेटा सायन्स म्हणजे राहिलेला कंस शोधणं असंच मुलांच्या डोक्यात बसेल. पांडाज लायब्ररीत (डेटासाठी पायथनमध्ये तयार मिळणारा कोड) फाईल वाचायला एक ओळ, सरासरीला एक, ग्राफला एक, लूप लागतोच कुठे फारसा. तर चालणारा कोड तयार द्या, ही ओळ चालवली की काय दिसेल ते आधी वहीत लिहायला लावा, मग चालवा, मग त्यात एक काहीतरी बदलायला सांगा. कोड लिहायला-चालवायला गुगल कोलॅब घ्या, ते ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉलची कटकट नाही, फक्त अकाउंट लागतं, ते शाळेच्या नियमात बसतं का ते बघा.

डेटा वर्गाचाच घ्या, नावं न घेता. काल रात्री किती तास झोपलात एवढंच विचारा, उत्तराला मोकळी जागा ठेवा आणि गंमत बघा. कोणी 7 लिहील, कोणी सात, कोणी '७ तास', कोणी 'साडेसहा-सात', एखादा 70. घरी बसून हे साफ करून आणायचा मोह होईल, पण प्लीज नका करू, खरा धडा तोच आहे. पायथनला 7 आणि 8 मजकूर म्हणून मिळाले की बेरीज 15 नाही, 78 येते, हे मुलांनी डोळ्यांनी बघितलं की डेटाटाइप वेगळा शिकवावा लागत नाही. (मजकुराचा आकडा करायला पायथनमध्ये int असतं, आपला देवनागरी '७' त्याला बरोबर कळतो, 'तास' चिकटला की एरर.) आणि त्या 70 चं काय करायचं? काढायचा, 7 समजायचा, की जाऊन परत विचारायचं? भांडू द्या त्यांना. फक्त जे ठरलं ते आणि का ठरलं ते कोडमध्ये कॉमेंट म्हणून लिहायला लावा, माझ्या मते मार्क त्या कॉमेंटलाच जास्त हवेत.

यानंतर पामर पेंग्विन्सचा डेटा घ्या, फुकट मिळतो, अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवरचे 344 पेंग्विन, तीन जाती. चोचीची लांबी आणि जाडी यांचा ग्राफ काढला की वाटतं लांबी वाढली की जाडी कमी होते. जातीप्रमाणे रंग द्या, एका शब्दाचा बदल आहे, आणि प्रत्येक जातीत बरोब्बर उलटं दिसतं. याला सिम्पसनचा पॅरॅडॉक्स म्हणतात पण नाव शेवटी सांगा, आधी मुलांना गोंधळू द्या.

प्रश्न: सरासरी, मध्यक आम्ही वहीत करतोच, मग कोड कशाला? एक्सेल पुरे नाही का?

उत्तर: तेवढ्यासाठी पुरे आहे, खरंच. पण एक नाणं 10 वेळा उडवलं आणि 8 छापे आले तर नाणं खोटं का, हे विचारून बघा. वहीत ते सूत्र होतं आणि दहावीतल्या बऱ्याच जणांना ते झेपत नाही, कोडमध्ये खरं नाणं 10 वेळा उडवायचा हाच खेळ दहा हजार वेळा करायचा आणि मोजायचं, 8 किंवा जास्त छापे साधारण साडेपाच टक्के वेळा येतात, म्हणजे तसं दुर्मिळ पण अशक्य नाही. शिवाय एक्सेलमध्ये कुठला सेल कधी बदलला ते दोन दिवसांनी आठवत नाही, कोलॅबच्या नोटबुकमध्ये, म्हणजे कोडच्या फाईलमध्ये, सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या राहतात.

प्रश्न: मुलं कोड एआयकडून लिहून आणतात. काय करू?

उत्तर: आणू दे. त्यातली एक ओळ काढून टाका आणि आता उत्तर काय येईल, का येईल ते तोंडी विचारा. किंवा सरळ त्या झोपेच्या फाईलवर चालवायला सांगा, 70 चं काय केलं ते कळेलच.