विषय तिचा, पत्र तुमचं

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी राज्यशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. राजकीय हिंसाचार थांबल्यावर बंडखोरांना माफी द्यावी का, याबद्दल लोकांना काय वाटतं, यावर तिला प्रबंध लिहायचाय. तुम्ही म्हणता, हा विषय सोडून परीक्षांच्या तयारीला लागायला ‘तिला समजवा.’ पत्रभर ‘आम्ही ठरवलंय’, ‘आम्हाला वाटतं’. तिच्याबद्दल एकच ओळ, तीही ‘ऐकतच नाही’ एवढीच. मला काळजी वाटली ती याची. तिने स्वतः शोधलेला विषय ‘मारेकऱ्यांची वकिली’ म्हणून झटकलात, तर पुढचा विषय ती तुमच्या कानावरही घालणार नाही.

नेट, स्पर्धा परीक्षा खुशाल द्याव्यात. हा प्रबंध त्यांच्या आड येत नाही.

‘ज्यांची माणसं गेली ते नाहीच म्हणणार, त्यात विचारायचं काय?’ असं तुम्ही लिहिलंय. इथे साफ चुकताय. कोलंबियात २ ऑक्टोबर २०१६ ला फार्क बंडखोरांबरोबरच्या शांतता करारावर सार्वमत झालं. काही गुन्ह्यांना माफी आणि कबुली देणाऱ्यांना सौम्य शिक्षा, हा मोठा वादाचा मुद्दा होता. ५०.२ टक्के मतं विरोधात गेली, करार पडला. पण कोलंबियातल्याच बोहाया या गावाचं काय झालं पाहा. तिथे २००२ मध्ये चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या लोकांवर फार्कचा गॅस सिलिंडरचा बॉम्ब पडला होता. त्याच बोहायात सुमारे ९६ टक्के मतं ‘हो’ला पडली. म्हणजे पीडित माफच करतात, असंही नव्हे हं. दक्षिण आफ्रिकेत संपूर्ण कबुलीच्या बदल्यात माफी देणाऱ्या कायद्याला पोलीस कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या घरच्यांनी कोर्टात आव्हान दिलं होतं. १९९६ मध्ये ते हरले. असं का होतं, हे बसल्या जागी ना तुम्हाला सांगता येईल, ना मला.

आता थोडं तिच्याशी. बाबांनी तुझी प्रश्नावली सोबत पाठवलीय. पहिलाच प्रश्न, ‘खुन्यांना माफ करावं का?’ याला हो कोण म्हणणार? ‘शस्त्रं टाकून सगळं खरं सांगितलं, तर शिक्षा कमी करावी का?’ असं विचारून बघ. तीच माणसं थबकतील. विषय चांगला आहे, हत्यार बोथट आहे. आधी संख्याशास्त्र शिक, नमुना कसा निवडतात ते शिक. संशोधनात सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, पण प्रश्न नीट लिहिता येणारी माणसं सर्वेक्षण करणाऱ्यांना कायम हवी असतात.

पुढचं पत्र मात्र तू लिही, सुधारलेल्या प्रश्नावलीसकट.