माझा डॉक्टर गेला, आता नवा कसा बघू?

प्रश्न: डॉक्टर हू, काळातून फिरणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरची ती ब्रिटिश सिरीज, मी 2005 च्या सीझनपासून बघायला घेतली, आधी डॉक्टर झालेला क्रिस्टोफर एकल्स्टन आवडला, मग डेव्हिड टेनंट आला आणि मी पार वेडी झाले. आता त्याचा शेवटचा एपिसोड बघून झालाय, खूप रडले, पुढचा लावायची हिंमतच होत नाहीये. घरचे म्हणतात एवढं काय, सिरीयलच तर आहे. पण मला खरंच वाटतं की त्याच्या जागी आलेल्या मॅट स्मिथला डॉक्टर म्हटलं तर टेनंटशी बेईमानी होईल. काय करू?

उत्तर: रडू आलं ना, येऊ दे. आणि घरच्यांना समजावत बसू नका, ज्याने बघितलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. टेनंटचं ते शेवटचं वाक्य ऐकून मीही टीव्ही बंद करून कितीतरी वेळ नुसती बसून होते.

पण तुम्हाला पडलेला प्रश्न ब्रिटनमधल्या पोरांना 1966 मध्येच पडला होता आणि तोही तुमच्यापेक्षा अवघड. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल, त्याची तब्येत साथ देईना, सिरीज तर बंद करायची नव्हती, मग असं ठरलं की डॉक्टर कुठे माणूस आहे, त्याचं शरीर बदलू शकतं की! टेन्थ प्लॅनेट या गोष्टीच्या शेवटी म्हातारा डॉक्टर टार्डिसमध्ये, म्हणजे त्याच्या कालयानात, कोसळतो आणि बघता बघता चेहरा पॅट्रिक ट्राऊटनचा होतो. आपल्याला निदान माहीत असतं की असं होतं, त्या पोरांनी असलं काही आधी कधी बघितलंच नव्हतं.

आणि पुढच्याच गोष्टीत, पॉवर ऑफ द डेलेक्समध्ये, लेखकांनी काय केलं बघा. डॉक्टरसोबत फिरणारे दोघं, बेन आणि पॉली. पॉली म्हणते हा तोच आहे, बेन काही केल्या मानायला तयार नाही. नवा डॉक्टर पण असा की स्वतःबद्दल बोलताना डॉक्टर म्हणजे कुणी तिसराच माणूस असल्यासारखा बोलतो, मध्येच पावा वाजवतो, सरळ उत्तर एक देत नाही. तुमच्या मनात जे भांडण चाललंय ना, ते तिथे पडद्यावर या दोघांच्या तोंडून चाललंय. आणि मग डेलेक समोर येतो, म्हणजे डॉक्टरचा तो यंत्राच्या कवचातला जुना वैरी, त्याचा तो एक डोळा डॉक्टरवर वळतो आणि तो त्याला ओळखतो. मित्राला खात्री नाही पण वैऱ्याला आहे! मला या सगळ्या सिरीजमधलं हे सगळ्यात हुशार लिखाण वाटतं, कारण प्रेक्षकाला कुणी विनवणी करत नाही की बाबा याला मान, तो डॉक्टर आहे हे गोष्टीतूनच सिद्ध होतं.

मॅट स्मिथचा पहिला भाग, इलेव्हन्थ अवर, तोही हेच करतो. फाटक्या कपड्यातला डॉक्टर रात्री एका एकट्या लहान मुलीच्या स्वयंपाकघरात बसलाय, सफरचंद चावून थुंकतो, दही थुंकतो, बेकन नको, बीन्स नको, ब्रेड-बटरची प्लेट दाराबाहेर भिरकावतो, आणि शेवटी फिश फिंगर कस्टर्डमध्ये बुडवून खातो आणि खूश. नव्या तोंडाला काय आवडतं हे त्याचं त्यालाच माहीत नाही. तो स्वतःच स्वतःला नवा आहे हो, तुम्हाला परका वाटला तर त्यात बेईमानी कसली? तुम्ही फक्त तो स्वयंपाकघराचा सीन होईपर्यंत बघा, मग ठरवा. आणि टेनंट कायमचा गेला असं धरून चालू नका. थोडं गुपित फोडते, 2013 चा डे ऑफ द डॉक्टर जपून ठेवा, त्यात तो मॅट स्मिथच्या शेजारी उभा आहे, आणि 2023 मध्ये तर परत डॉक्टर होऊनच आलाय.

प्रश्न: मला नवे सीझन भयंकर आवडतात पण मित्र म्हणतो 1963 पासूनचं बघ. थोडं बघितलं, सेट हलतात, राक्षस रबराचे, आणि कितीतरी एपिसोड तर हरवलेलेच आहेत म्हणे. एवढी मेहनत का घ्यायची?

उत्तर: सेटबद्दल तुमचं बरोबर आहे, पैसे नव्हतेच. पण नुसतं बघू नका, कान देऊन ऐका. टार्डिस येते-जाते तो घरघरता आवाज आहे ना, तो ब्रायन हॉजसनने आईच्या घराची किल्ली एका जुन्या पियानोच्या जाड तारांवर घासून काढला आणि मग टेपवर उलटसुलट करून रचला. टायटल म्युझिकची चाल रॉन ग्रेनरची, पण ते घडवलं डेलिया डर्बिशायरने, सिंथेसायझर हाताशी नसताना, एकेक सूर वेगळा रेकॉर्ड करून, टेपचे तुकडे कापून आणि जोडून. ते आजही अंगावर येतं. पहिली निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट 27 वर्षांची, पहिला दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौमध्ये जन्मलेला, 24 वर्षांचा. असल्या तरुण मंडळींनी हाताशी होतं त्यातून हे उभं केलं.

हरवलेल्यांचं म्हणाल तर हो, नव्वदहून जास्त भाग गेलेत. त्या काळी टेप महाग, पुन्हा दाखवायचे हक्क मर्यादित, आणि रंगीत टीव्ही आल्यावर ब्लॅक अँड व्हाइट कुणाला हवंय म्हणून बीबीसीने टेप पुसून टाकल्या. ते ट्राऊटनचे पॉवर ऑफ द डेलेक्सचे सहाही भाग त्यातच गेले. पण मी वर त्याच्याबद्दल एवढं लिहू शकले ते कशामुळे? हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे, कारण तेव्हा कुणी कुणी पोरं घरी टीव्हीसमोर माइक धरून बसायची आणि टेपरेकॉर्डरवर भरून घ्यायची. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आवडायचं म्हणून करायची. जॉन क्युरा नावाचा एक माणूस तर टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढून कलाकारांना विकायचा, तेही आज कामाला येतात. या आवाजावर 2016 मध्ये ॲनिमेशन करून ती अख्खी गोष्ट परत आली. आणि 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्रात 9 हरवलेले भाग सापडल्याचं जाहीर झालं, तो दिवस माझ्यासाठी सण होता!

सगळं नका बघू, 1975 ची जेनेसिस ऑफ द डेलेक्स तेवढी बघा. दोन वायरी हातात धरून तेव्हाचा डॉक्टर, टॉम बेकर, उभा आहे, त्या जोडल्या की डेलेक जन्मायच्या आधीच संपले, आणि तो स्वतःला विचारतोय की मला हा हक्क आहे का. तिथे मागची भिंत हलते का हे बघायला मी तरी थांबले नाही.

प्रश्न: वय झालं तरी हे वेड बरं का? आणि बायकोला दाखवायचं तर कुठून सुरुवात करू?

उत्तर: पीटर कपाल्डी शाळकरी वयात याच सिरीजबद्दल मासिकाला पत्र लिहायचा, पुढे स्वतः डॉक्टर झाला. टेनंटला ॲक्टर व्हावंसं वाटलं ते लहानपणी हीच सिरीज बघून. 1989 ला बंद पडलेली सिरीज 2005 मध्ये ज्याने उभी केली तो रसेल टी डेव्हिस लहानपणापासूनचा फॅन. ही मोठी झालेली वेडी पोरं नसती तर तुम्ही-मी आज काय बघत असतो?

वहिनींना सीझन एकपासून नका बसवू. ब्लिंक हा भाग दाखवा, मागचं काही माहीत असावं लागत नाही. इतिहास आवडत असेल तर डेमन्स ऑफ द पंजाब, 1947 ची फाळणी आहे, आणि त्यातला खरा राक्षस परग्रहावरचा नाही. चित्रं आवडत असतील तर व्हिन्सेंट अँड द डॉक्टर, त्यात व्हॅन गॉगला पॅरिसच्या म्युझियममध्ये त्याचीच चित्रं दाखवायला नेतात, तो सीन चालू असताना मध्ये काही समजावू नका, फोन बाजूला ठेवा, आणि संपल्यावर त्यांनाच विचारा पुढचा लावू का.