वाचक विचारतात: बायका गायला लागल्या आणि पाहुणा जिन्यात का गेला?

प्रश्न: माझी शाळेतली मैत्रीण बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी आहे. तिच्या भावाच्या मेंदीला आम्ही सगळ्या बायका मराठीत गाणी म्हणत होतो, तेवढ्यात इस्रायलहून आलेला तिचा चुलतभाऊ उठला आणि गाणी संपेपर्यंत जिन्यात उभा राहिला. तो फार धार्मिक आहे, एवढंच कळलं. मी ज्यू नाही, त्यामुळे आमचं काही चुकलं का हेच कळेना. त्यांच्यात बायकांनी गायचं नसतं का? मग त्याच्याच मावश्या-काकवा कशा गात होत्या?
- एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, तुमचं काही चुकलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचंही नाही. या नियमाला म्हणतात 'कोल इशा', म्हणजे बाईचा आवाज. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथामधे, बेराखोत नावाच्या भागात, तिसऱ्या शतकातले शमुएल म्हणून एक पंडित आहेत, त्यांचं एका ओळीचं मत आहे की बाईचा आवाज म्हणजे झाकून ठेवायची गोष्ट, आणि आधार कसला तर बायबलातल्या 'गीतरत्न' या प्रेमकाव्यामधला, तुझा आवाज गोड आहे असं प्रियकर म्हणतो ना, तो. आता गंमत बघा, ही ओळ येते तिथे विषय चाललाय 'शमा' ही प्रार्थना म्हणताना लक्ष कशाने विचलित होतं याचा. म्हणून काही जुन्या पंडितांनी ती प्रार्थनेपुरतीच धरली, आणि बाकीच्यांनी एकूणच, म्हणजे पुरुषाने परक्या बाईचं गाणं ऐकूच नये, असा अर्थ घेतला. तुमचा पाहुणा या दुसऱ्या गटातला.

पण कर्मठांमधेही एकमत नाहीये हां. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधे येशुरून नावाची तरुण मुलामुलींची धार्मिक संघटना होती, तिथे शब्बाथची, म्हणजे शनिवारच्या पवित्र दिवसाची गाणी मुलंमुली एकत्र म्हणायची, त्याला राब्बी (ज्यू धर्मगुरू) वाइनबर्ग यांनी परवानगी दिली. जर्मनीतल्या जुन्या राब्बींचा दाखला होता, आणि तर्क असा की दोन आवाज एकदम आले की एकटीचा आवाज वेगळा कानावर पडत नाही. (आमच्या चाळीतल्या आरतीला हे शंभर टक्के लागू पडेल.) राब्बी ओवाडिया योसेफ यांनी तर रेडिओवरची गायिका ऐकणाऱ्याच्या ओळखीची नसेल तर चालेल असं म्हटलंय.

दुसऱ्या टोकाला रिफॉर्म आणि कन्झर्वेटिव्ह ज्यू (नाव तसं असलं तरी हे कर्मठांत मोडत नाहीत), त्यांच्यात बाई स्वतःच प्रार्थना गाऊन चालवते. अमेरिकेत रिफॉर्म पंथाने 1975 साली बार्बरा ओस्टफेल्ड यांना रीतसर कॅन्टर केलं, कॅन्टर म्हणजे सिनेगॉगमधे, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, प्रार्थना गाणारा मुख्य गायक, कन्झर्वेटिव्हांनी तेच 1987 मधे केलं. ते म्हणतात, तांबडा समुद्र ओलांडल्यावर डफ घेऊन मोशेची बहीण मिर्यामच गायली की. त्यावर कर्मठांचं उत्तर तयार असतं, तिच्यामागे बायकाच होत्या. वाद संपत नाही तो असा.

इस्रायलमधे हे घरगुती राहिलेलं नाही. 2011 मधे लष्कराच्या ऑफिसर ट्रेनिंगमधे कार्यक्रमात महिला सैनिक गायला लागल्या तर काही धार्मिक कॅडेट उठून गेले, त्यातल्या चौघांना कोर्समधून काढलं. मला विचाराल तर बाहेर जाणं त्याचा हक्क, पण बाईला गप्प बसवायचा हक्क त्यातून निघत नाही, आणि भांडण नेमकं तिथेच पेटतं.

आता मावश्यांचं. बेने इस्रायलींमधे बायकांचं गाणं जुनंच आहे. लग्नाची गाणी मराठीत, मलिदा या घरच्या विधीला पोहे-गूळ-खोबऱ्याचं ताट आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं गाणं, घरातले सगळेच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इथल्या ज्यू पुरुषांनी आपल्या मराठी कीर्तनाच्या चालीवर बायबलातल्या योसेफ, मोशे यांची आख्यानं रचली, आणि पुढे इस्रायलला गेल्यावर ती कीर्तनं टिकवली ती बऱ्याच अंशी बायकांनी. म्हणजे एकाच घरात मावशीकडे कोकणातून आलेली रीत आणि भाच्याकडे तिकडे शिकलेली, असं झालंय.

गाणं थांबवायची गरज नव्हती, बंधन मुळात ऐकणाऱ्यावर आहे आणि त्याने ते स्वतःपुरतं पाळलं, कुणाला गप्प बसा म्हणाला नाही. पुढच्या वेळी जिन्यात एक खुर्ची आणि चहा मात्र पाठवा.