बँडमधलं ब्रेकअप, अर्धवट अल्बम आणि 'रूमर्स'चा दाखला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच जणांचा बँड, अल्बम निम्मा रेकॉर्ड झालाय, आणि मध्येच गायिका आणि गिटारवाला यांचं फाटलं. दोघंही बँड सोडायला तयार नाहीत. ड्रमर म्हणतो, थांबायचं नाही, फ्लीटवुड मॅक या बँडचा 'रूमर्स' हा अल्बम असाच झाला, उलट आता गाण्यांत जीव येईल. ड्रमरचं खरं मानायचं का?

'रूमर्स'चा दाखला सगळेच देतात आणि अर्धाच देतात. मी बरीच वर्षं रेकॉर्डिस्टचं काम केलंय, त्यामुळे मला त्या कहाणीत प्रेमभंगापेक्षा टेप जास्त दिसते. पण आधी माणसं कोण होती ते बघू, म्हणजे तुमच्या बँडशी ताडून पाहता येईल.

१९७४च्या शेवटी या मूळच्या ब्रिटिश बँडला गिटारिस्ट हवा होता. ड्रमर मिक फ्लीटवुडने लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत लिंडसी बकिंगहॅमचं वादन ऐकलं आणि त्याला विचारलं. लिंडसीने अट घातली की मैत्रीण स्टीव्ही निक्स पण येणार, तिच्याशिवाय मी नाही. म्हणजे ही दोघं आलीच जोडीने. बँडमध्ये आधीच एक जोडी होती, बेसवर जॉन मॅकव्ही आणि कीबोर्डवर त्याची बायको क्रिस्टीन. फेब्रुवारी १९७६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या साउसालिटोत रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत काम सुरू झालं, तोवर दोन्ही जोड्या फुटलेल्या होत्या. जॉन आणि क्रिस्टीन आठेक वर्षांच्या संसारानंतर वेगळे झाले होते आणि कामापलीकडे एकमेकांशी बोलत नव्हते. लिंडसी आणि स्टीव्हीची भांडणं माइक चालू झाला की थांबायची आणि बंद झाला की पुढे सुरू. मिकचं स्वतःचं लग्नही त्याच सुमारास मोडत होतं. स्टुडिओला खिडक्या नाहीत, रात्र कधी झाली ते कळत नाही, त्यात दारू आणि कोकेनची रेलचेल.

मग कोणी उठून गेलं कसं नाही? ही गोष्ट तुमच्या ड्रमरने विचारात घेतलेली दिसत नाही. १९७५चा त्यांचा आधीचा अल्बम तेव्हा हळूहळू वर चढत होता आणि सप्टेंबर १९७६मध्ये तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. बँडला बाहेरचा मॅनेजर नव्हता, कारभार मिकच बघायचा. एवढी वर्षं घासल्यावर नशीब दार ठोठावतंय आणि आपण भांडून घरी जायचं, हे कोणालाच परवडणारं नव्हतं. वाघ मागे लागल्यावर माणूस पळतो, तसे ते काम करत होते. तुमच्यामागे तसा वाघ आहे का, हे आधी बघा. रेकॉर्ड कंपनी नाही, टूर ठरलेली नाही, स्टुडिओचे पैसे स्वतःच्या खिशातले, अशा वेळी माणसं भांडण मिटवत नाहीत, नुसती येईनाशी होतात.

दुःखामुळे गाणी भारी झाली, हे काही अंशी खरं आहे. विषय दुःखाने पुरवले. लिंडसीने 'गो युअर ओन वे' स्टीव्हीला उद्देशून लिहिलं. त्यातली एक ओळ तिला सपशेल खोटी वाटत होती, ती काढ म्हणून तिने सांगितलं, याने काढली नाही. आणि मग त्याच गाण्याला साथीचे सूर तिनेच द्यायचे, आधी स्टुडिओत आणि नंतर वर्षानुवर्षं स्टेजवर. क्रिस्टीनने 'यू मेक लव्हिंग फन' लिहिलं ते बँडचं लाइट्सचं काम बघणाऱ्या करी ग्रँटवर, ज्याच्याशी तिचं तेव्हा जमलं होतं. जॉनला सांगितलं की गाणं कुत्र्यावर आहे. बिचाऱ्याने त्यावर इतका सुंदर बेस वाजवला आहे की मला तो अल्बममधल्या सर्वोत्तम वादनांपैकी एक वाटतो.

पण विषय मिळाला म्हणजे अल्बम झाला असं नसतं. ब्रेकअपवर गाणी लिहिणारे पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर पैशाला पासरी मिळतील. 'रूमर्स' झाला तो पुढच्या महिन्यांत, आणि तिथे रोमँटिक काहीही नाही.

त्या काळी रेकॉर्डिंग व्हायचं दोन इंच रुंद टेपवर, चोवीस ट्रॅक, म्हणजे चोवीस वेगवेगळे आवाज शेजारी शेजारी. टेपवर लोह-ऑक्साइडचा तपकिरी थर असतो आणि आवाज त्यातच साठवलेला असतो. टेप यंत्राच्या हेडवरून गेली की दर वेळी तो थर कणाकणाने झिजतो. एकदोन दिवसांच्या कामात काही कळत नाही. इथे लोक महिनोन् महिने त्याच टेपवर गिटार चढव, आवाज बदल, पुन्हा गिटार चढव, असं करत होते. एक दिवस इंजिनिअर आणि सहनिर्माता केन कॅलटच्या लक्षात आलं की ड्रमची धार गेली आहे. सिंबल म्हणजे झांजा मंद, स्नेअर म्हणजे तो कडक वाजणारा छोटा ड्रम बोथट. वरच्या कंपनसंख्या आधी जातात, त्यामुळे सगळं गोधडीखालून वाजल्यासारखं. मिक्सिंगच्या कन्सोलवर ट्रेबल वाढवून हे परत येत नाही, कारण जे झिजून पडलं ते टेपवर उरलेलंच नसतं.

वाचवलं ते एका जुन्या सावधगिरीने. साउसालिटोत मूळ वादन एकाच वेळी दोन यंत्रांवर रेकॉर्ड केलं होतं. दुसऱ्या यंत्राची टेप कपाटात पडून, जवळजवळ कोरी करकरीत. आता प्रश्न असा की महिन्यांचं सगळं नंतरचं काम झिजलेल्या टेपवर आणि चांगले ड्रम दुसऱ्या टेपवर. दोन यंत्रं मिनिटांमागून मिनिटं अगदी एकसारख्या वेगाने कधीच चालत नाहीत, आणि ती एकमेकांना बांधून ठेवणारी टाइमकोडची सोय त्यांच्याकडे नव्हती. म्हणून एका जाणकाराला बसवलं. त्याने हेडफोनच्या एका कानात जुन्या टेपवरचे हाय-हॅट (पायाने वाजवायची झांजांची जोडी) आणि स्नेअर घेतले, दुसऱ्या कानात नव्या टेपवरचे. दोन्ही ठोके डोक्याच्या मधोमध एक ऐकू येईपर्यंत हाताने वेग कमी-जास्त करत राहायचं. ठोका जरा डावीकडे सरकला की एक यंत्र पुढे पळालं, उजवीकडे सरकला की दुसरं. गाणं संपेपर्यंत नॉबवरचा हात काढायचा नाही. असं करत सगळं काम नव्या टेपवर उतरवलं. आपण आज ऐकतो ते ड्रम त्या माणसाच्या कानांमुळे आहेत. या कहाणीवरच्या गप्पांत त्याचा उल्लेख मी फारसा ऐकलेला नाही, कोकेनचा मात्र दर वेळी असतो.

'द चेन'चंही तसंच. पाचही जणांच्या नावावर असलेलं अल्बममधलं हे एकमेव गाणं, म्हणून लोकांना वाटतं पाचही जण गळ्यात गळे घालून बसले असतील. प्रत्यक्षात ते कातरकामातून झालं. क्रिस्टीनचं एक गाणं जमत नव्हतं. त्याचा फक्त शेवटचा भाग, जॉनचा तो प्रसिद्ध बेस जिथे येतो तो, ठेवला. बाकीचं टाकून दिलं. स्टीव्हीने दुसरीकडे लिहिलेले शब्द घेतले, लिंडसीने सुरुवातीचा गिटारचा तुकडा त्यांच्या दोघांच्या जुन्या अल्बममधल्या कल्पनेवर बेतला, आणि रेझरने टेप कापून तुकडे चिकटवले. बीबीसीने तोच बेसचा तुकडा १९७८पासून फॉर्म्युला वन शर्यतींच्या कार्यक्रमाला लावला, त्यामुळे गाण्याचं नाव माहीत नसलेल्यांनाही तो पाठ आहे. म्हणजे एकत्र बसणं जमत नव्हतं तेव्हा त्यांनी कामाची अशी पद्धत शोधली की एकत्र बसायची गरजच कमी पडावी.

हे तुमच्या उपयोगाचं आहे. त्यांनी अंतर ठेवलं होतं. साउसालिटोत बायका बंदराजवळच्या फ्लॅट्समध्ये राहायच्या, पुरुष स्टुडिओच्या टेकडीवरच्या घरात. 'ड्रीम्स' स्टीव्हीने लिहिलं ते मुख्य खोलीत बाकीचे काम करत असताना शेजारच्या दुसऱ्या खोलीत, काळ्या मखमलीच्या पलंगावर इलेक्ट्रिक पियानो घेऊन, तिच्या म्हणण्याप्रमाणे दहाएक मिनिटांत. कॅसेट आणून लिंडसीला ऐकवली. तो तिच्यावर चिडलेलाच होता, पण गाणं त्यालाच सजवायचं होतं, आणि त्याने सजवलं. मोजके दोन-तीन कॉर्ड आणि तेच ते परत, तरी कंटाळा येत नाही, ही त्याची कारागिरी. बँडचं अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते एकमेव सिंगल. मला त्या दोघांच्या नात्यातलं काही कळत नाही, पण ज्या माणसाने आपल्यावर गाणं लिहिलंय त्याचंच गाणं नीट वाजवून देणं, याला मी व्यावसायिकपणा म्हणतो.

हे सगळं सुखाने पार पडलं असं मात्र समजू नका. एलपीच्या, म्हणजे मोठ्या रेकॉर्डच्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून जास्त भरलं की खाचा अरुंद होतात आणि आवाज दबतो. त्या हिशेबात स्टीव्हीचं 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' बाहेर गेलं. मिकने तिला ते स्टुडिओच्या पार्किंगमध्ये नेऊन सांगितलं. त्याच्या जागी तिचंच दुसरं, छोटं गाणं बाकीच्यांनी तिच्याशिवाय वाजवून तयार ठेवलं होतं, आता ये आणि गाऊन दे. 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' गेलं 'गो युअर ओन वे'च्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, म्हणजे नेमकं त्याच गाण्याच्या पाठीला. त्याचा राग वीस वर्षं टिकला. १९९७च्या 'द डान्स'च्या कार्यक्रमात तिने ते लिंडसीकडे टक लावून गायलंय, बघा कधी. हिशेब बरोबर होता, पण सांगायची पद्धत फार वाईट होती.

आता दुसरी बाजू. ताण असूनही जमलं नाही, अशीही उदाहरणं आहेत. मेटॅलिका या हेवी मेटल बँडचा 'सेंट अँगर' हा अल्बम बघा. जानेवारी २००१मध्ये बेसवाला जेसन न्यूस्टेड बाहेर पडला, काही महिन्यांत गायक जेम्स हेटफिल्ड व्यसनमुक्तीसाठी गेला, आणि बँडने महिन्याला ४० हजार डॉलर देऊन समुपदेशक ठेवला. हेटफिल्ड परत आला तो दुपारी बारा ते चार एवढंच काम करणार, अशी अट घेऊन, आणि बाकीच्यांनीही त्याच्या माघारी काम करायचं नाही असा त्याचा आग्रह. २००३मध्ये अल्बम आला, विकलाही गेला, पण गिटारचे सोलो गायब आणि स्नेअर रिकाम्या डब्यासारखा. राग तिथेही भरपूर होता. कापायला आणि टाकून द्यायला कोणी नव्हतं. माझ्या मते तो अल्बम वीस मिनिटांनी लहान असता तर आज त्याच्याबद्दल वेगळं बोललं गेलं असतं.

उलट बीटल्सचं बघा. १० जानेवारी १९६९ला त्यांचा गिटारवाला जॉर्ज हॅरिसन तालमीतून उठून गेला. परत आल्यावर जागा बदलली, आणि त्याने बिली प्रेस्टनला कीबोर्ड वाजवायला बोलावलं. पाहुण्यासमोर चौघंही नीट वागायला लागले. आपल्याकडे घरात भांडण चालू असताना मावशी आली की सगळे गप्प, तोच प्रकार.

तेव्हा तुम्हाला माझा सल्ला असा. पंधरा दिवस कोणीच स्टुडिओत जाऊ नका, पण तारीख आत्ताच ठरवून ठेवा, नाहीतर भिजत घोंगडं पडेल. परतल्यावर गायिका आणि गिटारवाला यांच्या वेळा वेगळ्या ठेवा. आज हे अवघड नाही, तिचे आवाज एका दिवशी, त्याची गिटार दुसऱ्या. एक बाहेरचा माणूस निर्माता म्हणून बसवा, दोघांपैकी कोणाचाही जवळचा मित्र नको. कुठला टेक, म्हणजे कुठल्या वेळचं वादन किंवा गाणं, ठेवायचा हे तोच ठरवेल, आणि हे पाचही जणांनी आधी लेखी मान्य करायचं. कुठली गाणी अल्बममध्ये जाणार ते आता, सगळ्यांसमोर ठरवा, शेवटच्या आठवड्यात पार्किंगमध्ये नको. मूळ ट्रॅकच्या फाइल्सची एक प्रत स्टुडिओबाहेर, बँडमधल्या सगळ्यात शांत माणसाकडे ठेवा. भांडणात हार्ड डिस्क 'हरवते', असं मी पाहिलंय.

राहिला तुम्ही शेवटी विचारलेला प्रश्न, की गिटारवाल्याने तिच्यावर लिहिलेल्या नव्या गाण्यात तिनेच हार्मनी गावी का. आधी तिला शब्द वाचायला द्या, चाल नंतर. एखादी ओळ खोटी आहे असं ती म्हणाली तर ती ओळ बदला, लिंडसीसारखा हट्ट करू नका. तरीही नको म्हणाली तर हार्मनी तुमच्या बेसवाल्याकडून गाऊन घ्या, तुम्ही पाठवलेल्या डेमोत त्याचा वरचा सूर बरा लागतोय.